मागे कोणी बसायचं?

मी 'सुमती' नावाच्या होडीचा मागचा भाग बोलतोय. पुस्तकातली माणसं मला पिछाडी म्हणतात. रेतीबंदरावर जो शब्द वापरतात तो इथे छापणार नाहीत, पण तुमच्या मनात आत्ता जो आला ना, तोच.

सांगतोय ते सगळं अक्षरशः खरं आहे. खाडीची शपथ. आता डोंबिवलीच्या खाडीत काय काय सोडलेलं असतं ते बघता त्या शपथेत कितीसं पावित्र्य उरलंय, हा प्रश्नच आहे. म्हणून दुसरी घेतो. माझ्या अंगात एक जरी खिळा खोटा ठोकलेला असेल, तर मी खोटा. तर त्या दिवशी होडीत अडीचशे माणसं होती. बरं, बावीस होती. पण प्रत्येकाचा मानपान वेगळा मोजला तर अडीचशेच्या वर जातो, म्हणून तसं म्हणालो. शपथ अजून चालू आहे.

माझा जन्म चाळीस वर्षांपूर्वी खाडीकाठच्या चिखलात, एका ताडपत्रीखाली झाला. साईनाथच्या बापाने ही होडी बांधून घेतली आणि आपल्या बायकोचं, सुमतीचं, नाव तिला दिलं. साईनाथ तेव्हा शेंबडा होता, आता तोच होडी चालवतो. होडी चालवणाऱ्याला इकडे तांडेल म्हणतात. बांधणारा सुतार म्हातारा होता. त्याच्याकडे ना नकाशा ना कागद. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, त्याने बगळ्याच्या चोचीसारखी निमुळती केली. मला करायची वेळ आली तेव्हा मात्र तो घरी गेला आणि सासूबाईंचा जेवायला बसायचा पाट उचलून घेऊन आला. सासूबाई भरल्या अंगाच्या होत्या. तसले तीन पाट शेजारी शेजारी मावतील, एवढी त्याने माझी रुंदी धरली.

"काका, पुढं एवढी बारीक आनि मागं एवढी रुंद?" साईनाथच्या बापाने विचारलं.

"आरं, नाळ पानी कापते. पन बसतं कोन? ह्यो बसतो," माझ्यावर थाप मारत सुतार म्हणाला. "जवर ह्यो पान्यात बसलाय तवर होडी घट. ह्यो वर उचलला का होडी म्हंजे काठीवर ठेवलेलं गाडगं. कवा कुठं कलंडंल, नेम नाय."

एवढ्या शहाणपणाने घडवलेला मी, पण माझ्या वाट्याला आलं काय? नारळी पौर्णिमेला हार नाळेला. हळदकुंकू नाळेला. नारळ फुटतो तो नाळेवर. 'सुमती' हे नाव दोन्ही बाजूंनी, लाल रंगात, फुलं काढून, नाळेवर. माझ्या वाट्याला इंजिन, डिझेलचा कॅन, ओला दोरखंड आणि साईनाथचे पाय. माझ्यावर लिहिलंय काय, तर साईनाथचा मोबाईल नंबर. त्यातलाही एक आकडा घासून गेलाय. लोक तीनचं आठ वाचतात आणि फोन विठ्ठलवाडीच्या एका भल्या माणसाला जातो. आधी तो शिव्या द्यायचा. आता बिचारा होडीच्या वेळा सांगतो.

आणि माणसं? होडीत पाऊल टाकलं की आधी पुढची फळी. पोरं नाळेवर उभी राहून हात पसरतात, त्यांच्या आया ओरडतात, बाप फोटो काढतात. मागे येऊन बसतात ते तीनच प्रकारचे लोक. ज्यांना होडी लागते ते, ज्यांचं प्रेम घरी कळलेलं नाही ते, आणि कावळे.

खाडीवर नवा पूल झाल्यापासून तीही गर्दी ओसरली. वरून गाड्या भरधाव जातात. पलीकडे भाजीचा मळा असलेली दोन-चार माणसं, एक दूधवाला आणि त्याची सायकल, एवढंच आमचं गिऱ्हाईक उरलं. अशातच गेल्या मार्गशीर्षात एका रविवारी दुपारी साखरपुड्याचं अख्खं वऱ्हाड बंदरावर उतरलं.

मुलगी रसिका, डोंबिवली पश्चिमेची. तिचे बाबा तानाजीराव, मूळचे साताऱ्याकडचे, तीस वर्षं वागळे इस्टेटीत लेथवर काम केलेले. लेथवर केसाएवढा फरक पकडणारा माणूस, पण लोकांपुढे आवाज काढायचा म्हटलं की घसा सुकायचा. मुलगा सुश्रुत, ठाण्याच्या नौपाड्यातला. त्याचे वडील हरिहरराव निवृत्त प्राध्यापक. आणि या सगळ्यांच्या वर, सुश्रुतचे मामा सुधीरराव. वजन एकशे आठ किलो, त्यात रुसव्याचं धरलेलं नाही.

रसिकाच्या आईने नवस केला होता : पोरीचं ठरलं की पलीकडच्या काठावरच्या गावदेवीची ओटी होडीने जाऊन भरीन. पुलावरून गेलं तर चालणार नाही का, असं हरिहररावांनी विचारून बघितलं. देवीशी बोलणं होडीचं झालंय, असं उत्तर आलं.

पण वऱ्हाड बंदरावर आलं तेच तापलेलं. झालं होतं असं, की हॉलमध्ये खुर्च्या मांडताना मुलीकडच्यांनी मामांना दुसऱ्या रांगेत बसवलं. पहिल्या रांगेत पंखा नव्हता, मामांना उकडू नये म्हणून. पण मामांनी पंखा बघितला नाही, रांग मोजली. जेवताना जिलबीला हात लावला नाही. बासुंदी मात्र तीन वाट्या घेतली, पण ती रागाने.

बंदरावर ते तानाजीरावांना सगळ्यांदेखत म्हणाले, "हे पहा, आज एकदा मागे बसवलंत, मी गप्प बसलो. पुन्हा एकदा जर का मागे बसवलं, तर मी भाच्याला घेऊन तसाच घरी जाईन. मग शोधा दुसरा मुलगा."

तानाजीरावांनी हात जोडले. सुश्रुत बुटांकडे बघत राहिला. रसिकाने साडीचा पदर ज्या तऱ्हेने कमरेला खोचला, ते मी लक्षात ठेवलं.

मामा चढले ते थेट नाळेकडच्या पहिल्या फळीवर. खाली मऊ लागावं म्हणून दोन लाईफ जॅकेटं घेतली. अंगात घालायची वस्तू कुठे घातली ते सांगायला नको. मामा पुढे, तर हरिहररावांना मागे बसून कसं चालेल? ते मुलाचे बाप. ते मामांच्या उजवीकडे. मग आत्या, मग काकू. मुलीकडची माणसं तरी मागे बसतील म्हणून मी वाट बघत होतो. पण पाहुण्यांची सरबराई कोणी करायची? तीही पेढे, पाण्याच्या बाटल्या घेऊन पुढेच. फोटोग्राफर तर नाळेवर घोड्यावर बसावं तसा बसला. मागे माझ्यापाशी साईनाथ, त्याची बायको कलावती, डिझेलचा कॅन, देवीला न्यायच्या नारळांचं पोतं आणि माझा नेहमीचा कावळा.

साईनाथने इंजिन चालू केलं आणि एकदा नाळेकडे बघितलं.

"पावनं, सात-आठ जन मागं या. नाळ लय दबलीय."

एकही माणूस हलला नाही. फक्त मामांची मान वळली. "काय म्हणाला तो? मागे?"

"तसं नाही हो मामा," तानाजीराव घाईघाईने म्हणाले. "बसा तुम्ही. बसा निवांत."

"हा होडीवाला तुमच्याच बाजूचा का?"

"दादा, तो कुनाच्याच बाजूचा नाय," कलावती मागून म्हणाली. "तो होडीच्या बाजूचा हाय."

"मागे बसवलं तर मी घरी जाईन हे सांगितलंय मी."

"जावा की. पन आता चारी बाजूनं पानी हाय. पोहत जानार का चालत?"

आणि खरंच, आम्ही काठ सोडला होता.

आता माझी एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो. नाळ खाली गेली तसा मी वर उचलला गेलो. चाळीस वर्षं पाण्यात बसलेला मी पहिल्यांदाच एवढा वर आलो. माझ्या बुडाला वारा लागला, शेवाळावर ऊन पडलं. मला वाटलं, आला, आपलाही दिवस आला! नाळ पाण्यात नाक खुपसून चाललीय आणि मी सगळ्यांच्या वर. असा मान मला कोणी दिला नव्हता. मी फुगलो. त्या धुंदीत म्हाताऱ्या सुताराचं बोलणं साफ विसरलो.

विसरलो त्याची पाण्याने आठवण करून दिली. इंजिनाचा पंखा अर्धा पाण्याबाहेर आला आणि इंजिन घर्रर्र करून हवाच कापायला लागलं. सुकाणूही वर आलेलं. साईनाथ इकडे वळवतोय, होडी तिकडे जातेय. नुसतं तेवढंच नाही. माझं तीन पाटांचं रुंद बूड पाण्याबाहेर गेल्यावर पाण्यात उरली काय, तर ती चोच आणि थोडं पोट. तेवढ्यावर बावीस माणसं! आत्याबाईंनी पर्समधून रुमाल काढला तरी होडी डावीकडे झुकायची. काकूंनी 'अगं बाई' म्हटलं की उजवीकडे.

भरतीच्या पाण्याने आम्हाला आडवं करून टाकलं. तेवढ्यात दूरवरून रेतीची एक मोठी बोट गेली, तिच्या लाटा आल्या. पहिली लाट आली आणि होडी अशी कलली की मामांच्या कोपरापासून पाणी वीतभर.

"सुंदर!" फोटोग्राफर ओरडला. "असेच थांबा, हलू नका!"

"मागं या रं!" साईनाथ किंचाळला. "बुडंल होडी!"

तानाजीराव अर्धे उठले. त्यांना कळलं होतं, मी बघत होतो. लेथवरचा माणूस, वजन कुठे पडलंय ते त्याला डोळ्यांनी दिसतं. त्यांनी मामांकडे बघितलं, मग रसिकाकडे बघितलं. तोंड उघडलं आणि मिटलं. एका शब्दाने पोरीचं लग्न मोडणार आणि तो शब्द नाही काढला तर पोरगीच पाण्यात जाणार. एवढा अडकलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग साईनाथने अक्कल चालवली. पोत्यातला नारळ काढून हात उंच केला आणि ओरडला, "मानाचे नारळ! मानाचे नारळ इकडं मागं! पयला मान ज्याचा, त्यानं पयलं यावं!"

इथे साईनाथची चूक झाली. त्याला होडी कळते, वऱ्हाड कळत नाही.

मामा उठले. मामा उठलेले दिसताच हरिहरराव उठले. दोघं उठलेले दिसताच सगळी फळीच उठली. एकशे आठ किलो पुढे, त्यामागे आत्या, काकू, पेढ्यांचं खोकं, सगळं धडधडत माझ्यावर आलं. जिथे सुताराने तीन सासूबाईंची सोय केली होती, तिथे अठरा मानकरी! मी खाली बसलो तो असा, की माझी कड पाण्याला टेकली आणि खाडी आत आली. नाळ आकाशाकडे. तिला मिठी मारून फोटोग्राफर वर, गुढीसारखा.

आत शिरलेलं पाणी तर वऱ्हाडापेक्षा वाईट. थोडा कल झाला की सगळंच्या सगळं त्या बाजूला धावत जायचं आणि कल दुप्पट करायचं. कोणी रडायला लागलं, कोणी देवीला नवा नवस बोलू लागलं. मामांनी मात्र साईनाथच्या हातून हिसकावलेला मानाचा नारळ सोडला नव्हता.

"गप!" कलावतीचा आवाज आला. इंजिनासकट सगळे गप्प झाले. इंजिनात पाणी गेलं होतं म्हणून, पण वाटलं तसं.

तिने ओटीची परडी उचलली, त्यात खण, नारळ, हिरव्या बांगड्या. पाणी तुडवत मधोमध गेली आणि मधल्या फळीवर ती परडी ठेवली.

"ही आई. आज मान हिचा. हिला पाठ दाखवील त्याला काय व्हायचं ते व्हईल, मी जबाबदार नाय. अर्धे पुढून बसा, अर्धे मागून बसा. तोंडं सगळ्यांची आईकडं. हळू! एकेक जन! मामा, तुमी हितं, आईच्या जवळ."

मामा बसले. मधोमध. हरिहररावही सरकले. एकेक करून माणसं दोन्हीकडे बसली. पुढे कोण आणि मागे कोण, हे आता कोणाला सांगताच येईना, कारण सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. मी हळूहळू वर आलो. तेवढाच, जेवढं मला यायला हवं. माझं बूड पाण्यात, कड पाण्याबाहेर.

"अजून दोन मानसं मागं पायजेत," साईनाथ माझ्याकडे वाकून बघत म्हणाला. "होडी जराशी मागं जड असली म्हंजे सरळ जाते."

मामांनी मान खाली घातली.

"मी जाते," रसिका म्हणाली. "सुश्रुत, चल रे."

"मागे?" सुश्रुतने मामांकडे बघितलं.

"तू मामांशी लग्न करणारेस का? चल."

आणि नवरानवरी डिझेलच्या कॅनशेजारी माझ्यावर येऊन बसली. साडी भिजलेली, शेरवानीला ग्रीस. कावळा शिष्टपणाने थोडा सरकला.

आता तानाजीरावांना कंठ फुटला. त्यांनी आहेराचा नवाकोरा पितळी तांब्या पिशवीतून काढला, कागद फाडला आणि पाणी उपसायला लागले.

"अहो, तो आहेराचा..." हरिहरराव म्हणाले.

"आहेर खाडीला दिला. तुमच्या मांडीवर ते ताट आहे ना? ते घ्या आणि उपसा. आणि मामा, तुम्ही जागचे हलू नका. तुमचं वजन तिथंच पाहिजे. जरा हललात तर मी ऐकून घेणार नाही."

बंदरापासून एवढा वेळ 'हो मामा, बसा मामा' करणारा हा माणूस! मामांनी 'आ' केला. मग हळूच म्हणाले, "माझं वजन... इथेच पाहिजे?"

"इथंच. इंचभरही नको."

मामा असे ताठ बसले, की देवळातलं कासवसुद्धा त्यापेक्षा जास्त हलत असेल.

पाणी उपसल्यावर साईनाथने खटपट करून इंजिन पुन्हा चालू केलं आणि आम्ही पोहोचलो. ओटी भरली. परत निघताना सगळे आधी चढले आणि आपापसांत विचारत आपापल्या बाजूला बसले. मामा शेवटी आले. त्यांनी साईनाथला बाजूला घेऊन काहीतरी विचारलं. साईनाथने माझ्याकडे बोट दाखवलं. मामा डुलत डुलत मागे आले आणि माझ्यावर बसले.

"मामा, तुम्ही मागे?" सुश्रुत म्हणाला.

"जड माणूस मागे लागतो म्हणतात," मामा म्हणाले. "तुम्ही बसा पुढे. फोटो काढा."

लग्न झालं फाल्गुनात. मामा शेवटच्या रांगेत बसले होते म्हणे, आणि मांडव कुठून कलतोय का ते बघत होते. आणि साखरपुड्याच्या त्या संध्याकाळी बंदरावर परतल्यावर कलावतीने उरलेला नारळ घेतला, मागे आली, माझ्यावर हळदकुंकू वाहिलं आणि नारळ माझ्यावर फोडला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

आता मी बंदरावरच्या चिखलात तिरका पडलोय. दोन फळ्या कुजल्यात. साईनाथ म्हणतो, दुरुस्त करू. कलावती म्हणते, त्यापेक्षा चहाची टपरी काढू. काहीही झालं तरी माझ्यावर लोक बसणार, त्यात बदल नाही. माझं मागणं एकच. तुम्ही कधी होडीत बसलात आणि तांडेल म्हणाला, मागं या, तर उठा. तुमचा अपमान करायचं त्याच्या मनातही नसतं.

बरं, शपथ घेतलीय तर कबुलीही देतो. सासूबाईंचा पाट खरा. आहेराचा तांब्या खरा, तो अजून इंजिनाशेजारी आहे. विठ्ठलवाडीचा माणूस खरा, फोन करून बघा. मामा मागे बसले तेही खरं. खोटं एवढंच, की कलावतीने मला कुंकू लावलं. तिने नारळ फोडला तो दरवेळेसारखा नाळेवर. कुंकूही तिथेच. एका खुर्चीवरून लग्न मोडायला निघालेल्या मामांना मी एवढं हसलो, आणि स्वतः एका बोटभर कुंकवासाठी दोन्ही शपथा मोडल्या.

पण हे मात्र खरं आहे. होडी तेव्हाही जराशी मागे जड होती. नाळेवर फुटलेल्या त्या नारळाचं पाणी फळ्याफळ्यांवरून ओघळत निघालं, आणि सगळंच्या सगळं माझ्यापाशी येऊन थांबलं.